जिन्याखालचा साडेचार फुटी लेथ

१ डिसेंबर, रविवार

आज जिन्याखालच्या खोलीतला बाबांचा लेथ उघडला. करोनाची टाळेबंदी लागली त्या आठवड्यात त्याच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. आज ती ओढली तर धूळ उडाली, एक पाल पळाली, आणि खाली गंजून तांबूस झालेलं लोखंड दिसलं. खरं सांगायचं तर सुंदर वगैरे काही वाटलं नाही. बाबांनी मात्र चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, मशीनला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग मीही चपला काढल्या.

हे सगळं का करतोय ते एकदा नीट लिहून ठेवते. आमची चाळ पुनर्विकासात गेली. फेब्रुवारीअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. संक्रमण शिबिरात आम्हाला चौथा मजला मिळालाय. तिथे एवढं जड मशीन नेता येणार नाही. भंगारवाला परवा येऊन चपलेच्या टोकाने ठोकून बघून गेला. त्याशिवाय एकच रस्ता उरतो, तो म्हणजे अवधूत.

अवधूत शिवडीचा कोळी. बंदराजवळच्या गाळ्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचे वडील बाबांकडून बोटीचा पंखा फिरवणारे शाफ्ट घडवून न्यायचे. तो म्हणाला, "काका, जागा आहे. मशीन पण आणा, तुम्ही पण या. फक्त शाफ्ट सरळ निघाला पाहिजे. वाकडा निघाला तर पंखा थरथरतो, बोटीत पाणी येतं. आणि आत माझीच माणसं असतात." त्याची अट अशी की हातभर लांबीच्या शाफ्टमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत एका थाउपेक्षा जास्त फरक नको. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माझा केस मोजला, तीन थाउ भरला.

बाबांना शिवडीला जायचंय. तसं ते बोलत नाहीत, पण अवधूत येऊन गेल्यापासून रोज दाढी करतात.

८ डिसेंबर, रविवार

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनवर पंपांचे आराखडे काढते. कॉलेजात लेथवर एक सत्र काम केलं होतं आणि मला वाटत होतं की मला लेथ कळतो.

आज रॉकेल लावून बेड पुसला. बेड म्हणजे ज्या दोन लांब पट्ट्यांवरून हत्यार सरकतं तो भाग. तो सपाट नसेल तर पुढचं सगळंच वाकडं. मी स्टीलची पट्टी घेऊन वाकून फट शोधत होते. बाबा आले, डोळे मिटले आणि तळहात चकपासून, म्हणजे तुकडा पकडून फिरवणाऱ्या तोंडापासून, शेवटपर्यंत एकदाच फिरवला.

"हयसर पोट गेलाहा," ते म्हणाले. "वीतभर जागेत."

पट्टी ठेवून खाली पातळ पत्री सरकवली. बरोबर तिथेच, वीतभर जागेत, चार थाउ खड्डा.

"किती ता मोठ्यान वाच," बाबा म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचंच. स्वतः कधी माप वाचत नाहीत, मलाच वाचायला लावतात. शिकवण्याची केवढी मोठी पद्धत आहे ही. आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर सगळं लिहून दिलं, म्हणून आमच्या हातात काही आलं नाही.

आणखी एक गोष्ट इतक्या वर्षांत प्रथमच लक्षात आली. बाबा बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. बाबा मिलच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते, तिथे एवढा आवाज असायचा की कानाशी बोलावं लागायचं. ती सवय असावी.

१५ डिसेंबर, रविवार

बेड खरवडायला घेतला. एका सपाट लोखंडी पाट्यावर निळा रंग पुसट लावायचा, तो बेडवर घासायचा. उंच जागी निळा लागतो. तेवढाच निळा हत्याराने खरवडून काढायचा. पुन्हा घासायचा, पुन्हा खरवडायचा. दिवसभरात आमची एक वीत झाली.

निळा कुठे लागलाय ते मी सांगते, बाबा खरवडतात. "डावीकडे बोटभर, मग दोन ठिपके." ते आधी बोटाने तिथे जातात, मग हत्यार टेकवतात. एका वेळी निघतं ते भुकटीसारखं. मी चिमटीत घेतलं तर जाणवलंही नाही.

दुपारी आई चहा घेऊन आली. आई कप कधी खाली ठेवत नाही, बाबांच्या हातातच देते आणि त्यांची बोटं कपाच्या कानाला लागेपर्यंत सोडत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली. मला हे फार सुंदर वाटतं.

२२ डिसेंबर, रविवार

रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवार अख्खा. आज खड्डा गेला. पाटा बेडवर ठेवला तर तो लोखंडाला चिकटून बसला. उचलायला गेले तर येईना. बाबा हसले. "हवा पण नाय रवली मधी."

मी पाट्याला दोन्ही हात लावून उभी राहिले. आम्ही दोघांनी एक सपाट जागा केली होती. निसर्गात अशी सपाट जागा कुठे असते? पाणीसुद्धा हलतं.

घरी आल्यावर रोजच्यासारखा पेपर वाचून दाखवला. चाळीस वर्षांत स्वतः पेपर न वाचता ज्यांचा दिवस गेला नाही ते बाबा आता म्हणतात, "तू वाच, माका तुझो आवाज बरो वाटता."

२९ डिसेंबर, रविवार

हँडल, चाकं, पट्टा सगळं साफ झालं. एकच गोष्ट मला खुपत होती. हत्यार पुढे-मागे करायच्या चाकाजवळ एक डायल असते, तिच्यावर शंभर रेषा. एक रेष म्हणजे एक थाउ. ही डायल कुणीतरी वेड्यासारखी खराब करून ठेवली होती. आकडे झिजलेले, कडेला कानशीने पाडलेल्या खाचा, काही खोल, काही उथळ. वाटलं, कुणी पकडीने फिरवली असेल.

बाबांना न सांगता ती ऑफिसात नेली. माझा सहकारी निमेश, त्याच्या भावाचं लेझरचं काम आहे. डायलची कड घासून आरशासारखी केली, वर नव्या रेषा, आकडे काळे कुळकुळीत. निमेश म्हणाला, "अरे, ही तर घड्याळासारखी झाली."

नवीन वर्षाला बाबांना देणार.

१ जानेवारी, बुधवार

दिली.

बाबांनी ती हातात घेतली. अंगठा कडेवरून फिरवला. एकदा, दोनदा, उलट बाजूने. खूप वेळ.

"गुळगुळीत झाली," ते म्हणाले.

मी म्हटलं, आकडे बघा ना. ते म्हणाले, "बरे आसत." मग डायल माझ्या हातात दिली, वर गेले आणि आडवे झाले. आईला म्हणाले, खांदा दुखतोय. इतकं भारावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

९ जानेवारी, गुरुवार

आठवडा झाला, बाबा खाली आलेले नाहीत. खांदाच. मी एकटी मोटार बसवली. जुन्या काळी छतावरच्या दांड्यावरून पट्टा यायचा, आता एक छोटी घरगुती मोटार. मुख्य दांडा पहिल्यांदा फिरला तेव्हा जिन्यावरून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या. मीही श्वास धरून उभी होते. लोखंड फिरायला लागलं की ते स्थिर दिसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार

मी हट्ट केला म्हणून बाबा आले. आज पहिला तुकडा कापायचा होता. व्यास एक इंच.

ते मशीनसमोर उभे राहिले आणि वीस वर्षांनी तरुण दिसले. चाळीचा जिना, मी, सगळं विसरले. कापलेलं लोखंड निळसर वळ्यांनी उतरत होतं. पण प्रत्येक कापाआधी त्यांचा अंगठा डायलवर जायचा, थांबायचा, परत यायचा. मग ते अंदाजाने फिरवायचे.

तुकडा काढून मोजला. मोठ्याने वाचलं: एक इंचाला चाळीस थाउ कमी.

चाळीस थाउ म्हणजे चूक नाही, अपघात. बाबा म्हणाले, पट्टा ढिला असेल. पट्टा ढिला नव्हता. मी रात्री जेवल्यावर स्क्रू, नट, सगळं तपासलं. माझंच काहीतरी चुकलंय.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आईने तिळगूळ दिला आणि विचारलं, "त्या खाचा तू घासून काढल्यास?"

मी म्हटलं, कसल्या खाचा, डायल खराब झाली होती.

आई म्हणाली, "ती खराब नव्हती. ह्यांनी आठ दिवस बसून एकेक पाडली होती. मी कंदील धरावा तसा टॉर्च धरून बसायचे. दहाला मोठी, पाचाला बारकी. नखाने मोजायचे."

मी विचारलं, नखाने का?

आईने तिळगुळाचा डबा बंद केला. मग म्हणाली, "इंजिनिअर ना गं तू."

१५ जानेवारी, बुधवार

ऑफिसला गेले नाही. महिन्याभराची ही वही परत वाचली. कान. कप. पेपर. मोठ्यान वाच. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

१६ जानेवारी, गुरुवार

बाबांना विचारलं. जिन्याखाली, मशीनशेजारी, दोघंच होतो.

"मधोमध काळो डाग आसा," ते म्हणाले. "काठान दिसता. वाट दिसता, बस दिसता, तिचो नंबर नाय. तुझो कान दिसता, तोंड नाय."

"कधीपासून?"

"तू कॉलेजात होतंस."

डॉक्टरने सांगितलंय की पूर्ण काळोख होणार नाही, पण गेलं ते परत येणार नाही. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू शिकत होतंस." जसं काही ते उत्तर आहे.

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "आता कानस आण."

२ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे वहीला हात लावला नाही. पण जे झालं ते लिहिलंच पाहिजे.

नुसत्या खाचा परत पाडल्या नाहीत. मी कागद घेऊन बसले. पितळेची मोठी कडी, तिच्या आतल्या अंगाला शंभर बारीक खड्डे, आणि स्प्रिंगवर बसवलेली एक गोळी. चाक एक थाउ फिरलं की गोळी एका खड्ड्यातून दुसऱ्यात पडणार. निमेशच्या भावाने खड्डे पाडून दिले. बाहेरच्या कडेला दहा-दहावर बाबांनी स्वतः खाचा पाडल्या. मी रेषेवर पट्टी धरून होते, ते कानस चालवत होते.

आज बसवली. बाबांनी चाक हळू फिरवलं. टिक्. टिक्. टिक्.

ते थांबले. डोळे उघडे होते, माझ्या कानाकडे. मग परत फिरवलं, मागे आणलं, पुढे नेलं. म्हणाले, "चिमणी दाणे टिपता तसा वाटता."

मग एक इंचाचा तुकडा कापला. मोजला. मोठ्याने वाचलं. एक इंच. अर्धा थाउ जास्त.

जाताना ते म्हणाले, "अवधूताक सांगू नको. काम बघ म्हणावा. डोळे त्याका कित्याक?"

५ फेब्रुवारी, बुधवार

सांगू नको. पण तो शाफ्ट समुद्रात जाणार. आणि फिरणाऱ्या चकासमोर, परक्या गाळ्यात, जिथे रोज सामान इकडचं तिकडे होतं, तिथे बाबा उभे राहणार. काठाने दिसतं म्हणे. सांगितलं तर अवधूत नाही म्हणेल आणि मशीन भंगारात जाईल, बाबा चौथ्या मजल्यावर बसतील. नाही सांगितलं तर मी खोटं बोलते, तेही अशा माणसाशी ज्याने "आत माझीच माणसं असतात" म्हटलं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मी सात वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला नको विचारूस."

९ फेब्रुवारी, रविवार

अवधूत दहाला आला. येताना सुकट घेऊन आला आईसाठी. बाबांनी शाफ्ट लावला, हातभर लांब, अवधूतच्या स्वतःच्या बोटीतला. तासभर काम चाललं. तासभर मी भिंतीला टेकून ते टिक्-टिक् मोजत होते. शेवटच्या कापाला बाबांनी डावा हात मशीनच्या मागच्या टोकावर ठेवला, नाडी बघावी तसा, आणि उजव्या हाताने चाक इतकं सावकाश फिरवलं की ते फिरतंय हे फक्त गोळीवरून कळत होतं.

अवधूतने स्वतःच्या मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजलं. दोन ठिकाणी सारखं. तिसऱ्या ठिकाणी अर्धा थाउ.

"काका, एक तारखेपासून या," तो म्हणाला. "मशीनला टेम्पो मी आणतो."

बाबा हात पुसत होते. इतके आनंदात की खांद्यावरचं फडकं घ्यायचं विसरून सदऱ्याला पुसत होते. आणि मी म्हटलं, "अवधूतदादा, बाबांना दिसत नाही."

बाबांचा हात थांबला.

"बाय, तुका कोणी इचारल्यान?" एवढंच म्हणाले. आणि जिना चढून वर गेले. कठड्याला न धरता.

अवधूत खूप वेळ शाफ्ट हातात फिरवत राहिला. "मग हा कुणी केला?"

"त्यांनीच. आत्ता, तुमच्यासमोर."

"न बघता?"

"डायल हाताने वाचतात."

त्याने डायल फिरवून बघितली. नंतर स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पाण्याखालचं जाळं पण कोण बघतो? दोरीवरनं कळतं." मग माझ्याकडे वळला. "पण ताई, माझ्या गाळ्यात हात गेला कुणाचा, तर मी काय तोंड दाखवू? चकावर झाकण पाहिजे. पायाने मशीन बंद झालं पाहिजे. आणि मशीन चालू असताना गाळ्यात दुसरा माणूस पाहिजे, काकांनी कितीपण शिव्या घातल्या तरी. हे करून द्या. मग नेतो. दोघांना."

"आणि हा शाफ्ट?"

"माझ्याच बोटीत टाकतो. दुसऱ्याला कसा देऊ?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. अवधूतने काय कबूल केलं ते मी सांगितलं, त्यांनी मान हलवली. आज पेपर आईने वाचला. आईला जोडाक्षरं अडतात. अग्रलेखाला पाऊण तास लागला. बाबांनी शेवटपर्यंत ऐकला.

मी बरोबर केलं असं मला अजून वाटतं. पण बरोबर केल्यावर इतकं वाईट वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पायाचं पेडल केलं. मशीनच्या पूर्ण लांबीची पट्टी, कुठेही पाय पडला तरी मोटार बंद आणि दांड्यावर ब्रेक. चकावर जाड जाळीचं झाकण, ते उघडं असेल तर मोटार सुरूच होत नाही. मी एकटीच काम करत होते. चारच्या सुमाराला बाबा आले आणि दारात उभे राहिले. मग आत येऊन पायाने पट्टी दाबली. पुन्हा दाबली.

"जड आसा," ते भिंतीला म्हणाले. "टाच टेकवून दबाक व्हयी."

मी स्प्रिंग बदलली. त्यांनी परत दाबली आणि निघून गेले. काही म्हणाले नाहीत म्हणजे बरोबर असावी.

२३ फेब्रुवारी, रविवार

मशीन गेलं. पाइपांवर सरकवत, चेनपुलीने उचलत, सहा जण. चाळीतली निम्मी माणसं गॅलरीत. कुशाबा पवार, वरच्या मजल्यावरचे, बाबांबरोबर मिलमध्ये होते, त्यांनी नारळ फोडला. टेम्पो वळताना बाबा पुढे अवधूतजवळ बसले होते, आणि एक हात मागे, फळीच्या फटीतून, मशीनवर.

खोलीत जमिनीवर चार पायांचे चार स्वच्छ चौकोन राहिले. बाकी सगळीकडे पन्नास वर्षांचं तेल.

२ मार्च, रविवार

हे आज लिहिलं नाही तर उद्या मला खरं वाटणार नाही.

सकाळी शिवडीला भरती होती. अवधूतच्या बोटीत शाफ्ट बसला होता. बोटीवर तो, त्याचा भाऊ, बाबा आणि मी. मी कधी बोटीत बसले नव्हते. बाबांनी विचारलं नाही, नुसतं सरकून जागा केली.

इंजिन सुरू झालं. धक्का मागे गेला, तेलाच्या टाक्या लहान झाल्या. आम्ही जे जिन्याखाली निळा लावून, भुकटी भुकटी काढून केलं होतं ते आता माझ्या पायाखाली मिनिटाला शेकडो वेळा फिरत होतं आणि त्याच्या जोरावर चार माणसं आणि एवढी मोठी लाकडी बोट पाण्यावरून चालली होती. मी फळी घट्ट धरली होती. भीतीने नाही. एवढं मोठं काहीतरी एवढ्या बारीक मापावर उभं असतं, हे अंगातून जात होतं.

अवधूतने भरलेला ग्लास फळीवर ठेवला. पाणी हललं, सांडलं नाही. "बघा ताई," तो म्हणाला. "आधी इथे कप राहायचा नाही."

बाबांनी ग्लासाकडे लक्ष दिलं नाही. ते गुडघ्यांवर बसले, शाफ्ट जिथे बेअरिंगमधून जातो त्या डब्यावर तळहात ठेवला आणि मान खाली घातली. बराच वेळ. वाऱ्याने त्यांचे केस उडत होते. अवधूतने इंजिनाचा वेग वाढवला, कमी केला.

"मागच्या अंगाक अर्धो थाउ आसा," शेवटी बाबा म्हणाले.

अवधूत हसला. "काका, एवढं चालतं."

"चालता. पण आसा." मग त्यांनी मान वळवली, माझ्या बाजूला. तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच. "पुढच्या येळाक काढूया."

मी विचारलं, "काढूया म्हणजे कोणी?"

ते हात सदऱ्याला पुसत उठले. बोट हलत होती, तरी सरळ उभे राहिले.

"आयतवारी तुका सुट्टी असता मा?"